चर्चच्या फाटकाबाहेर पाणपोई कशी चालवावी

खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ ते ४५ अंशांवर जातो. अशा उन्हात चर्चच्या मंडळीने वाटसरूसाठी काय करावं, हे शुभवर्तमानात स्पष्ट सांगितलेलं आहे. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात, पेलाभर गार पाणी देणाऱ्याचं प्रतिफळ बुडणार नाही असं आहे. पंचविसाव्यात तर तहानलेल्याला पाजलेलं पाणी प्रभू येशू स्वतःला मिळालं असं म्हणतो. म्हणून पाणपोई मन लावून आणि नेटकी चालवायची.

ईस्टर होण्याची वाट न पाहता सुरू करा. चैत्री पौर्णिमा बऱ्याचदा ईस्टरच्या थोडी आधीच येते, आणि सप्तशृंगीच्या गडाकडे पायी निघालेले भाविक पौर्णिमेच्या आधीच्या दिवसांत रस्त्यावर असतात. ते पहाटे आणि रात्री चालतात, दुपारी सावली धरून पडतात. तुमचं चर्च त्यांच्या वाटेवर असेल, तर पाणपोई पहाटे चारपासून भरलेली हवी.

माणशी अर्धा लिटर धरा. दोनशे माणसांना शंभर लिटर प्यायला आणि पेले विसळायला आणखी तीस-चाळीस लिटर लागतं. पन्नास लिटरचे तीन रांजण घ्या. दोन वापरात, तिसरा गार होत ठेवलेला. नवा रांजण एक दिवस पाण्यात भिजवून, विसळून मगच भरा. बाहेरून त्याला ऑइलपेंट मारू नका. मडक्याच्या छिद्रांतून पाणी पाझरतं आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. रंगाने छिद्रं बुजली की रांजण नुसता पिंप होतो. वर्गणीदारांची नावं रांजणावर रंगवण्याची हौस इथेच नडते. दान गुप्त ठेवा असं प्रभूने सांगितलंच आहे.

रांजण सावलीत ठेवा, पण चारही बाजूंनी वारा लागू द्या. खाली वाळू, वर गोणपाट, आणि ते दिवसातून तीन-चारदा ओलं करायचं. सगळ्यात जास्त चुकतं ते भरण्याच्या वेळेत. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं तापलेलं पाणी भरदुपारी रांजणात ओतलं तर ते संध्याकाळपर्यंत गार होत नाही. रात्री किंवा उजाडण्याआधी भरा.

पाणी आधी चारपदरी कापडातून प्लास्टिकच्या ड्रममध्ये गाळा. क्लोरीनच्या द्रवाचं प्रमाण बाटलीवर दिलेलं असतं, तेवढंच घाला आणि किमान अर्धा तास थांबून मग रांजणात ओता. रांजण रोज रिकामा करून नारळाच्या काथ्याने घासा. साबण लावू नका, माती त्याचा वास धरते. तोटीचा रांजण सर्वात बरा. तोटी नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. पेला कोणीही आत बुडवायचा नाही. सांडलेलं पाणी चारी काढून झाडाला किंवा गुरांच्या हौदाला न्या, नाहीतर आठवडाभरात डास होतात.

पेले सगळ्यांना एकच. घरचे वेगळे, मजुरांचे वेगळे, असं काहीही नको. याकोबाच्या विहिरीवर येशूने शोमरोनी बाईकडे पाणी मागितलं, तेव्हा यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. ती विहीर आठवणाऱ्या मंडळीच्या पाणपोईवर दुसरा पेला निघाला, तर ती पाणपोई बंद केलेली बरी. नाव, गाव, जात विचारू नका. पत्रकं वाटू नका, पाणी पिणाऱ्याला उपदेश ऐकवू नका. पाण्याला अट जोडली की ते प्रभूच्या नावाने दिलेलं राहत नाही. कोणी आपणहून विचारलं, "हे कोण चालवतं?" तर सरळ सांगा. एरवी "बठा जरासा, पानी पी ल्या" एवढं पुरे.

जवळ ओआरएसची पाकिटं ठेवा. एक पाकीट, एक लिटर पाणी. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. घेरी आलेल्या माणसाला सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, मानेवर आणि काखेत ओलं फडकं ठेवून वारा घाला, घोटघोट पाणी द्या. तो असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपली, तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. ताबडतोब १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंग ओलं करत राहा. मंडळीतलं एक जण सोबत जाऊ द्या. येशूने सांगितलेल्या दाखल्यातला शोमरोनी माणूस वाटेत पडलेल्याच्या जखमा बांधून निघून गेला नाही. त्याने जखमीला उतारशाळेत नेलं, दोन दिनार दिले आणि जास्त खर्च झाल्यास परतताना भरीन म्हणाला.

पाळीचा तक्ता महिला मंडळ आणि तरुण संघाने मिळून आखावा, दोन-दोन तासांचा. पहिल्या आठवड्यात उत्साहाने सगळे येतात. मे महिन्याच्या मधल्या दुपारी कोणी नसतं, म्हणून त्या पाळ्या आधी भरा. रविवारी उपासनेच्या वेळी पाणपोई ओस पडते, तेव्हाही दोघं बाहेर हवेतच. त्यांना प्रभुभोजन नंतर द्यायला पाळकांना आधी सांगून ठेवा.