सॅन फ्रान्सिस्कोच्या ट्रामचे रंग ओळखताना या चुका टाळा

भारतातून पाहुणे आले की मी त्यांना हमखास एफ लाइन या इथल्या जुन्या ट्रामच्या मार्गावर नेतो. कॅस्ट्रोहून निघायचं, मार्केट स्ट्रीट उतरत एम्बार्कडेरोला यायचं आणि थेट फिशरमन्स वॉर्फ गाठायचं. वाटेत पिवळी, लाल, हिरवी, अशा एकामागून एक ट्राम भेटतात. फोटो भराभर निघतात, घरच्या ग्रुपवर जातात आणि फोटोखालच्या ओळी बहुतेक चुकलेल्या असतात. माझा या गाड्यांवर फार जीव आहे, म्हणून हे लिहितोय.

पहिली चूक लगेच सुटणारी आहे. ही केबल कार नव्हे. केबल कार रस्त्याखालून फिरणारा दोर पकडून टेकडी चढते. एफ लाइनची ट्राम डोक्यावरच्या तारेतून वीज घेते, आपल्या मुंबईत 1964 पर्यंत धावली तशी.

खरा घोळ होतो रंगावरून गाव ठरवताना. 1059 क्रमांकाच्या ट्रामला बोस्टनचा रंग आहे, पण ती बोस्टनमध्ये कधीच धावली नाही. ती मूळची फिलाडेल्फियाची. 1995 मध्ये ही लाइन नियमित सुरू झाली, तेव्हा फिलाडेल्फियाहून आणलेल्या गाड्यांना वेगवेगळ्या शहरांचे रंग दिले. पीसीसी नावाचा हा एकच साचा अमेरिकेतल्या कितीतरी शहरांनी वापरला होता, त्या सगळ्यांची आठवण राहावी म्हणून. त्यामुळे आधी रंग बघू नका, क्रमांक बघा. 1050 ते 1063 फिलाडेल्फियाच्या. 1070 ते 1080 नेवार्कहून घेतलेल्या, पण त्यांचा जन्म मिनियापोलिस-सेंट पॉलसाठी झालेला. 1006 ते 1015 सॅन फ्रान्सिस्कोच्या स्वतःच्या, 1948 सालच्या. मात्र हे क्रमांक इथले आहेत. बोस्टनच्या जुन्या नोंदींत 1059 शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

म्हणजे सगळेच रंग उसने, असंही धरून चालू नका. 1055 ने फिलाडेल्फियाचाच हिरवा आणि क्रीम रंग ल्यायलाय. 1071 चा पिवळा मिनियापोलिसचा, तिच्या जन्मगावचा. या दोघी दिसल्या की मला माहेरी आलेल्या लेकी दिसल्यासारखं वाटतं.

समलिंगींच्या हक्कांसाठी लढलेले इथले लोकप्रतिनिधी हार्वी मिल्क यांच्या स्मृतीला वाहिलेल्या 1051 बाबत तर जवळजवळ प्रत्येक जण फसतो. ‘याच गाडीतून ते फिरायचे’ असं सर्रास सांगितलं जातं. रंग त्यांच्या काळातल्या सॅन फ्रान्सिस्कोचा आहे खरा, पण 1978 मध्ये त्यांची हत्या झाली तेव्हा ही गाडी फिलाडेल्फियातच होती.

लुईव्हिलची गोष्ट आणखी चटका लावणारी. त्या शहराने पीसीसी गाड्या मागवल्या, मग बसच चालवायच्या ठरवल्या आणि गाड्या क्लीव्हलँडला विकून टाकल्या. तिथल्या प्रवाशांना त्यांत बसायला मिळालंच नाही. तरी 1062 वर पूर्वी लुईव्हिलचा रंग होता. पुढे तिला पिट्सबर्गचा दिला गेला. म्हणून जुना फोटो आणि आजची गाडी जुळली नाही, तर क्रमांक चुकला असं लगेच समजू नका, फोटो कधीचा आहे ते आधी तपासा.

मॉडेल बनवणाऱ्यांसाठी एक खास सूचना. 1057 ही सिनसिनाटीच्या पिवळ्या रंगाची, हिरव्या पट्ट्यांची देखणी गाडी. तिच्यावरून सिनसिनाटीचं मॉडेल करायला घेतलंत तर टपावर गडबड होईल. सिनसिनाटीत ट्रामसाठी वर दोन तारा असत, म्हणून टपावरचे वीज घेणारे दांडेही दोन. इथे तार एक, दांडा एक.

मिलानहून आलेल्या 1928 सालच्या गाड्यांचा नारिंगी रंग मूळचा समजू नका. तो 1970 च्या दशकापासूनचा. सुरुवातीला त्या पिवळ्या-पांढऱ्या होत्या, मग दोन छटांत हिरव्या झाल्या. इथे हे तिन्ही अवतार बघायला मिळतात. धुकं नसेल अशा दुपारी जा, धुक्यात क्रीम रंग फोटोत राखाडी येतो. आणि डब्यात चढलात की आतली माहितीची पाटी वाचा, कोणत्या शहराचा रंग आहे ते तिथेच लिहिलेलं असतं.