कुठल्या ॲपला पैसे द्यायचे, कुठल्याला नाही, हे कसं ठरवायचं

नवं ॲप घ्यायचं की नाही ते नंतर, आधी सध्या तुमचे पैसे कुठं कुठं जातायत ते बघून घ्या. प्ले स्टोअर उघडा, वर कोपऱ्यात तुमचा फोटो असतोय त्याच्यावर दाबा, पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स, आणि त्यात सबस्क्रिप्शन्स. मग तुम्ही जे यूपीआय ॲप वापरताय त्यातलं ऑटोपे पण बघा, कारण काही ॲपवाले प्ले स्टोअर सोडून थेट यूपीआयवर मॅंडेट, म्हणजे दर वेळी आपोआप पैसे कापायची परवानगी, घेतात आणि ते प्ले स्टोअरच्या यादीत दिसतच नाही. ॲप डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं असं नसतंय, हे शिकल्यासवरलेल्यांना पण परत परत सांगावं लागतंय. जे ओळखू येत नाही ते तिथंच कॅन्सल करा.

दुसरं काम, जे विकत घ्यायला निघालाय ते फोनमध्ये फुकट आहे काय बघायचं. आपल्या बेळगाव भागात याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे कन्नड कागद. ग्रामपंचायतीची नोटीस येते, जमिनीचा उतारा येतो, सगळं कन्नडमध्ये, आणि खानापूर, निपाणीकडच्या खेड्यातनं ज्यांची शाळा मराठीत झाली त्यांची पंचाईत होते. मग कोण तरी स्टोअरमध्ये शोधून महिन्याला पैसे घेणारं ट्रान्सलेटर टाकतंय. अहो, गूगल ट्रान्सलेटमध्ये कॅमेरा धरला की कन्नडचं मराठी तसंच होतंय, एक रुपया लागत नाही. अर्थ ढोबळ कळतो एवढंच, सही करायची असेल तर कन्नड येणाऱ्या माणसाकडनं वाचून घ्याच, तिथं विकतचं ॲपपण कामाचं नाही. तसंच स्कॅनरचं, गूगल ड्राइव्हमध्ये कागद स्कॅन करून पीडीएफ होतो. शेतीला हवामान पाहिजे तर मेघदूत, विजेचा इशारा पाहिजे तर दामिनी, दोन्ही सरकारी संस्थांची आणि फुकट. चोर्ल्यातनं गोव्याला जाताना घाटात नेटवर्क जातंय म्हणून मॅपचं वेगळं ॲप कशाला, घरात वायफायवर गूगल मॅपचा तेवढा भाग डाउनलोड करून ठेवा.

मग पैसे द्यायचे कुणाला? माझा नियम साधा आहे, ज्या ॲपवर तुमची कमाई चालते किंवा जे गेलं तर तुमचं काही तरी कायमचं जाईल, त्याला द्या आणि मनात कुरकुर करू नका. उद्यमबागेत छोटं वर्कशॉप असेल आणि जीएसटीचं बिल फोनवरनंच पाठवत असाल तर बिलिंग ॲपचे वर्षाचे पैसे हा धंद्याचा खर्च आहे, करमणूक नाही. वडगाव-शहापूरकडं साड्या विकणारे व्हॉट्सॲप स्टेटसवर रोज फोटो टाकतात, त्यांना पोस्टरचं ॲप परवडतं. पण गणपती मंडळाच्या पोरांनी पोस्टरसाठी वर्षाचा प्लॅन घ्यायची गरज नाही, एक महिन्याचा घ्या आणि घेतल्या घेतल्या ऑटो रिन्यूअल बंद करा, महिनाभर चालतंयच. घ्यायच्या आधी फ्री व्हर्जनमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही टाइप करून बघा. जोडाक्षरं तुटतात काय, वेलांटी भलतीकडं जाते काय, फ्रीमध्ये तुटतंय तर पैसे भरून ते जुळेल ही आशा सोडा.

जाहिराती काढायला पैसे द्यावेत काय हा प्रश्न फार येतो. रोज तास-दोन तास वापरताय तर द्या, आठवड्यातनं एकदा उघडताय तर जाहिरात सोसा. आणि फुकटात प्रीमियम म्हणून जी एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरनं टाकायचं ॲप, ग्रुपमध्ये फिरते ती टाकू नका, त्याच फोनवर तुमची बँक आहे.

स्टोरेजचं जरा नीट सांगतो, कारण तिथं लोक घाबरून पैसे भरतात. गूगल १५ जीबी फुकट देतंय, पण त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही आले, आणि आता अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपपण त्यातच मोजतात. म्हणजे गुड मॉर्निंगचे व्हिडिओ साठवायला तुम्ही भाडं भरणार. आधी व्हॉट्सॲप बॅकअपमधनं व्हिडिओ वगळा, मोठ्या फाइली उडवा. तरी भरत असेल आणि पोरांचे, आई-वडिलांचे फोटो असतील तर खुशाल घ्या, १०० जीबी महिन्याला १३० आणि वर्षाला १,३०० रुपये असं आहे, म्हणजे दर महिन्याला भरत बसलात तर वर्षाचे १,५६० होतात. इथं वर्षाचा प्लॅन बरा, कारण फोटो पुढच्या वर्षी पण असणारच आहेत. नव्या, अनोळखी ॲपला मात्र महिन्याचाच.

एकदा पैसे भरा आणि कायम वापरा अशी लाइफटाइम ऑफर दिसली की जरा थांबा. लाइफ ॲपचं असतंय, तुमचं नाही. जून २०२० मध्ये सरकारनं ५९ चिनी ॲप बंद केली त्यात कागद स्कॅन करायचं कॅमस्कॅनर होतं, तोवर कितीतरी ऑफिसांतनं तेच चालत होतं.

पैसे भरताना दोन-तीन गोष्टी. फ्री ट्रायलला कार्ड किंवा यूपीआय जोडलं तर त्याच दिवशी कॅन्सल करून ठेवा, प्ले स्टोअरवर बहुतेक ट्रायल तरी मुदतीपर्यंत चालू राहते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ऑटोपेचे पैसे कापायच्या किमान २४ तास आधी मेसेज यावा लागतो, तो जाहिरातीचा समजून उडवू नका. घेतलं आणि आवडलं नाही तर ४८ तासांच्या आत प्ले स्टोअरवर रिफंड मागता येतो, नंतर ॲपवाल्याच्या मागं लागावं लागतंय. आणि घरात दोन-तीन फोन असतील तर प्ले स्टोअरची फॅमिली लायब्ररी चालू करा, एकानं विकत घेतलेलं ॲप घरातल्या आणखी पाच जणांना मिळू शकतं. फक्त ते ॲपच विकत घेतलेलं पाहिजे, फुकट ॲपच्या आत जाऊन प्रीमियम घेतलं असेल तर तसं वाटून देता येत नाही.