घडाघडा वाचलं, पण कळलं का?

प्राथमिकच्या वर्गांना इंग्रजी वाचन शिकवायला नव्याने सुरुवात करणाऱ्या शिक्षकांना मी सगळ्यात आधी एक सांगते. मुलाने उतारा घडाघडा वाचला म्हणजे तो त्याला कळला, असं धरून चालू नका. ज्यांच्या घरात इंग्रजी बोललं जात नाही, त्या मुलांच्या बाबतीत तर मुळीच नको. ही मुलं अक्षरांचे आवाज जोडून शब्द वाचायला पुष्कळदा इतरांइतक्याच वेगाने शिकतात. वाचन स्वच्छ असतं, शिक्षक खूश होतात आणि पुढच्या मुलाकडे वळतात. उताऱ्यात काय घडलं हे विचारायचं मात्र राहून जातं.

अमेरिकेत अशा मुलांच्या वाचनावर झालेल्या संशोधनाचा आढावा एका राष्ट्रीय तज्ज्ञ समितीने 2006 साली प्रसिद्ध केला. त्यातही हेच चित्र दिसतं. शब्द वाचण्यात ही मुलं इंग्रजी घरातल्या मुलांच्या बरोबरीला येतात, अर्थ समजण्यात मात्र मागे राहतात. फोनिक्स (अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकवणं), शब्दसंग्रह, ओघवतं वाचन हे सगळं त्यांनाही उपयोगी पडतं, पण तेवढ्यावर भागत नाही. त्यासोबत तोंडी इंग्रजी भरपूर लागतं, असं ती समिती सांगते.

याचं कारण समजून घ्यायला मला वाचनाचे अभ्यासक फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी 1986 मध्ये मांडलेलं सूत्र फार उपयोगी पडलं. त्यांच्या मते समजून वाचणं म्हणजे शब्द उलगडता येणं (अक्षरांवरून शब्द वाचता येणं) गुणिले भाषा समजणं. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. म्हणून एक बाजू शून्य असली की दुसरी कितीही भक्कम असो, उत्तर शून्यच येतं.

तेव्हा मूल अडखळलं की पहिलं काम म्हणजे ते कुठल्या बाजूला अडलंय ते शोधणं. त्यासाठी मी वापरते ती पद्धत अगदी साधी आहे. तोच उतारा मुलाला आपण वाचून दाखवायचा, सावकाश आणि नीट, मग त्यावर विचारायचं. ऐकून कळलं पण स्वतः वाचताना कळलं नाही, तर अडचण शब्द उलगडण्यात आहे. ऐकूनही कळलं नाही, तर अडचण भाषेत आहे, आणि फोनिक्सच्या आणखी दहा वर्कशीट देऊन ती सुटणार नाही. इथे एक काळजी घ्या. उत्तर इंग्रजीतच हवं असा हट्ट धरू नका. मूल चित्रावर बोट ठेवेल, चित्र काढेल, करून दाखवेल किंवा घरच्या भाषेत शेजारच्या मुलीला सांगेल. कळलंय की नाही हे तपासताना बोलता येतं की नाही याची परीक्षा घ्यायची नाही. वर्गात नव्याने आलेली काही मुलं कित्येक महिने जवळजवळ गप्प असतात. या काळात ती ऐकत असतात, साठवत असतात. त्यांना बोलायला भाग पाडू नये आणि तासातून वगळूही नये.

आता प्रत्यक्ष तासाकडे येऊ. समजा, सावलीवरचा छोटा उतारा आहे, तीनच वाक्यांचा: 'व्हेन समथिंग ब्लॉक्स द लाइट, इट मेक्स अ शॅडो. ॲट नून द सन इज हाय, सो युअर शॅडो इज शॉर्ट. ॲज द सन गोज डाउन, इट गेट्स लाँगर.'

नवा शिक्षक यातून 'शॅडो', 'ब्लॉक', 'नून' हे शब्द काढून फळ्यावर लिहितो. ते शिकवायलाच हवेत, पण ते सोपे आहेत. टॉर्च लावली, समोर हात धरला की 'ब्लॉक' आणि 'शॅडो' दोन्ही मुलांच्या डोळ्यांसमोर येतात. खरी अडचण तिसऱ्या वाक्यातल्या 'इट' या एवढ्याशा शब्दात आहे. काय लांब होतं? त्याच वाक्यात नाव आहे सूर्याचं. जे मूल वाक्य शब्दाशब्दाने वाचतं, ते सूर्य लांब होतो असंच समजणार, आणि त्याच्या बाजूने पाहिलं तर ते तर्काने चाललंय. इंग्रजीत वाढलेलं मूल अर्थाच्या ओघात 'इट' मागच्या वाक्यातल्या सावलीला जोडून टाकतं, त्याला थांबावंही लागत नाही. आपल्या मुलाला ही जोडणी दाखवावी लागते. मी 'इट'भोवती गोल करते आणि तिथून 'शॅडो'पर्यंत बाण काढते. पुढच्या उताऱ्यात बाण मुलंच काढतात. 'सो', 'व्हेन', 'ॲज' या शब्दांनाही हाच मान द्या. उताऱ्याचं सगळं कार्यकारण त्यांच्यावर उभं असतं, आणि शब्दार्थांच्या यादीत ते कधीच येत नाहीत.

म्हणून तासाची तयारी करताना मी दोन उद्दिष्टं वेगवेगळी लिहिते. पहिलं विषयाचं: सूर्य वर असताना सावली आखूड आणि खाली उतरला की लांब, हे मुलाला सांगता यावं. दुसरं भाषेचं: ते सांगायला कोणतं वाक्य लागेल? इथे ते 'व्हेन द सन इज अमुक, माय शॅडो इज तमुक' असं आहे. हे दुसरं उद्दिष्ट लिहिलं नाही, तर विषय शिकवून होतो आणि तो मांडायला लागणारं इंग्रजी मुलाला कुठूनच मिळत नाही.

उतारा उघडण्याआधी हे वाक्य तोंडात बसलं पाहिजे. टॉर्च उंच धरायची, खडूची सावली बघायची, सगळ्यांनी मिळून म्हणायचं: 'द लाइट इज हाय, सो द शॅडो इज शॉर्ट.' टॉर्च खाली आणायची आणि पुन्हा म्हणायचं. मग जोडीजोडीने, एकाने टॉर्च धरायची आणि दुसऱ्याने बोलायचं. या पाच-सात मिनिटांत कुणाच्याही हातात पुस्तक नसतं, त्यामुळे वेळ वाया जातोय असं नव्या शिक्षकाला वाटतं. पण पुस्तक उघडल्यावर मुलं त्यात ओळखीचं वाक्य शोधतात आणि त्यांना ते सापडतं. त्या क्षणी त्यांचे चेहरे बघायला मला आजही आवडतं.

वाचनाचं मी थोडक्यात सांगते, कारण इथे बहुतेक शिक्षक चांगलं काम करतातच. आधी आपण वाचायचं, मग सगळ्यांनी मिळून, मग जोडीने. एकेका मुलाला उभं करून सगळ्यांसमोर पहिल्यांदाच मोठ्याने वाचायला लावणं मात्र टाळा. त्यात मुलाचं सगळं लक्ष चूक होऊ नये याकडे लागतं आणि अर्थ बाजूला पडतो.

प्रश्न मात्र विचारपूर्वक ठरवा. उतारा सगळ्यांना तोच द्या, उत्तर देण्याची वाट वेगवेगळी ठेवा. नव्याने आलेल्या मुलीला म्हणा, 'शो मी द लाँग शॅडो', ती बोट दाखवेल. थोडं बोलणाऱ्याला विचारा, 'दुपारी सावली शॉर्ट की लाँग?' पुढच्याला वाक्याची सुरुवात द्या आणि पुरं करायला सांगा. बरंच बोलणाऱ्याला 'व्हाय' विचारा. या मुलांना कायम सोपा, कापलेला उतारा देण्याच्या मी ठाम विरोधात आहे. ज्या मजकुरातून 'सो' आणि 'ॲज' काढून टाकलेत, त्यातून ते शब्द मूल कधी शिकणार?

आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात वर्गांतल्या निरीक्षणांवरून दाखवलं की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि हे थांबणं तीन सेकंदांवर नेलं तरी मुलांची उत्तरं लांबतात, सुधारतात. आपलं मूल प्रश्न समजून घेतं, कदाचित घरच्या भाषेत विचार करतं आणि मग इंग्रजी शब्द जुळवतं. त्याला तीन सेकंदही कमीच पडतात. मी मनातल्या मनात सावकाश आकडे मोजते आणि त्या वेळात बाकीच्या हातांकडे बघत नाही.

उच्चाराची चूक आणि वाचनाची चूक यांची गल्लत करू नका. स्पॅनिश बोलणाऱ्या मुलाचे 'ब' आणि 'व्ह' एकमेकांत मिसळतात, अरबी घरातल्या मुलाच्या तोंडी 'प'च्या जागी 'ब' येतो, मराठी मुलाच्या तोंडी 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' सारखेच उमटतात. मुलाला योग्य वस्तू दाखवता येत असेल, तर त्याने शब्द बरोबर वाचलेला आहे. तिथे त्याला अडवू नका. आपण तोच शब्द पुढच्या वाक्यात नीट उच्चारावा आणि पुढे जावं.

घरच्या भाषेबद्दल पालक हमखास विचारतात, 'घरी इंग्रजीच बोलू का?' त्यांना मनापासून सांगा की आपल्याच भाषेत बोला, गोष्टी सांगा, वाचता येत असेल तर वाचून दाखवा. ज्या मुलाला एका भाषेत वाचता येतं, त्याला गोष्टीला क्रम असतो, पुढे काय होईल याचा अंदाज बांधता येतो, हे सगळं आधीच ठाऊक असतं. ते त्याला इंग्रजीसाठी नव्याने शिकावं लागत नाही. घरची लिपी उजवीकडून डावीकडे जाणारी असेल, तर सुरुवातीला ओळीखाली बोट फिरवून दिशा दाखवावी लागते, एवढंच.

मुख्याध्यापक आणि पालक घाई करतील, त्यासाठी दोन भाषांत शिकणाऱ्या मुलांचे अभ्यासक जिम कमिन्स यांचं काम माहीत असू द्या. त्यांच्या मते मैदानावर, डब्याच्या सुट्टीत बोलण्यापुरतं इंग्रजी साधारण दोन वर्षांत येतं. अभ्यासाच्या पुस्तकातलं इंग्रजी बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. त्यामुळे मैदानावर फाडफाड बोलणारा मुलगा उताऱ्यापाशी अडला, तर त्यावर लगेच आळशी किंवा मंद असा शिक्का मारू नका. असे शिक्के वर्षानुवर्षं मुलाच्या मागे लागतात आणि त्याचं खरंखुरं नुकसान करतात.

तास संपला की वहीत प्रत्येक मुलासमोर दोन रकाने ठेवा, एक शब्द वाचण्याचा आणि एक ऐकून समजण्याचा. रोज सगळ्यांचं लिहायला जमणार नाही. दर दिवशी तीन-चार मुलं निवडा, त्यांनी नेमकं कोणतं वाक्य म्हटलं ते जसंच्या तसं टिपा, आणि उद्याच्या तासाचं भाषेचं उद्दिष्ट त्या वाक्यांवरून ठरवा.