"होत नाही" म्हणजे शी की शू? प्राण्यांबद्दल सल्ला लिहिताना

रात्री अकराला ग्रुपवर मेसेज पडतो: "बोका सारखा मातीत जाऊन बसतोय, पण होत नाही. काय द्यावं?" पाच मिनिटांत एक जण एरंडेल सुचवतो, दुसरा दूध, तिसरा मालकालाच झापतो, "इतका वेळ झोपला होता काय?" काय होत नाही, शी की शू, हे मात्र कुणीच विचारत नाही. बोक्याची लघवी अडली तर रक्तात पोटॅशियम चढतं आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. म्हणून आधी एवढंच लिहा: "शेवटची शू कधी बघितली? किती झाली?" होत नसेल किंवा थेंब-थेंब येत असेल, तर "आत्ताच डॉक्टरकडे न्या, सकाळची वाट बघू नका." बाकी औषधपाणी नंतर.

त्या तिसऱ्यामुळे होणारं नुकसान लगेच दिसत नाही. कोल्हापुरात मिरजकर तिकटीला चहा पिताना "डोकं ठिकाणावर हाय का रं?" म्हटलं तर समोरचा हसतो, कारण चेहरा दिसतो. लिहिलेल्यात चेहरा नसतो. ज्याला बोलणी बसतात तो पुढचं लपवतो, आणि लपवतो नेमकी घरातली गोळी. मांजराला पॅरासिटामॉलची (क्रोसिन वगैरे) ५०० मिलिग्रॅमची एक गोळीही मारू शकते: रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद जाते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात. कुत्र्याला आयबुप्रोफेननं पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. त्यामुळे खरं सांगणं सोपं जाईल असं विचारा: "ताई, घरातली एखादी गोळी दिली असेल तर पाकिटाचा फोटो टाका, डॉक्टरांना लगेच कळेल." "दिली नाही ना?" असं विचारलंत की उत्तर "नाही" असंच येणार.

"पिल्लाला गोचीड झालेत" यावर औषध सुचवण्याआधी पिल्लू कुत्र्याचं की मांजराचं, वय आणि वजन किती, ते विचारा. कुत्र्यांच्या काही गोचीड-औषधांत परमेथ्रिन असतं. मांजराला त्यानं झटके येतात. आणि "अर्धी गोळी" कधीच लिहू नका. एकाच नावाच्या गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात, समोरच्याच्या हातात कुठली आहे ते तुम्हाला दिसत नाही. डोस डॉक्टरांनीच सांगावा.

"घरचं साधं जेवण घाला" हाही फसवा सल्ला. आपल्याकडं रविवारी घरचं म्हणजे तांबडा-पांढरा. कुणी मटणाचे तुकडे धुऊन घालतात, पण कांदा-लसूण आतपर्यंत मुरलेला असतो, आणि तो कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फोडतो. पूर्ण लिहा: "उकडलेलं चिकन आणि भात, मीठ-मसाला-कांदा-लसूण काही नाही, हाडं काढून."

मनाई नेहमी पहिल्या ओळीत. "क्रोसिन दिली तर ताप उतरेल असं वाटतं पण देऊ नका" यातलं शेवटचं "देऊ नका" घाबरलेल्या माणसाच्या नजरेतून निसटतं. "क्रोसिन देऊ नका" एवढीच वेगळी ओळ टाका, कारण खाली.

दुसऱ्याचा सल्ला चुकीचा असेल तर त्याला नव्हे, मालकाला उद्देशून लिहा: "दादा, वरचं एरंडेल थांबवा, आधी शू तपासा." एरंडेलवाल्याशी वाद घालायचाच असेल तर बोका दवाखान्यात पोचल्यावर घाला.