योजनांना कात्री लागली तर गावाला काय वाटेल, हे विचारायचं कसं

रेशन, निराधारचा पगार, कमी पटाची शाळा, वस्तीची एसटी. यातलं काही कमी झालं तर लोकांना काय वाटेल, हे नाक्यावर कळत नाही; ज्यांची चूल त्यावर चालते ते नाक्यावर नसतात.

घरं निवडताना मतदारयादी घेऊ नका, त्यात कामासाठी शहरात राहणारे बरेच चाकरमानी निघतात. ग्रामपंचायतीतून घरपट्टीची यादी घ्या आणि कुलूपबंद घरं खोडा. ३६० उघडी घरं उरली आणि ९० हवी असतील तर दर चौथं घर घ्या. पहिलं एक ते चारमधून चिठ्ठीने काढा. ९० घरांत अंदाज दहा टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो, हे धरून चाला. मोहल्ला, बौद्धवाडी, डोंगरावरचा धनगरवाडा चढ आहे म्हणून सोडायचा नाही. दार बंद असलं तर शेजारी विचारून भागवू नका, संध्याकाळी पुन्हा जा. नाहीतर मजुरीला जाणारे सगळे गळतात.

सगळ्यात जास्त घोटाळा प्रश्नाच्या शब्दांत होतो. अमेरिकेतल्या पाहणीत ‘वेल्फेअर’ (सरकारी मदतीला तिथे वापरतात तो शब्द) याऐवजी ‘गरिबांना मदत’ असं विचारलं की खर्च वाढवा म्हणणारे कितीतरी वाढतात. आपल्याकडे तोच घात ‘फुकट’ हा शब्द करतो. ‘सरकारने फुकट वाटप बंद करावं का?’ याला मान पटकन डोलते. त्याऐवजी विचारा: ‘रेशनवर माणशी ५ किलो धान्य मिळतं. ते ३ किलो केलं तर तुमच्या घरी काय होईल? करावं का?’ अंत्योदय कार्डाला माणशी नव्हे, घराला ३५ किलो मिळतं. तिथे प्रश्न बदला. ‘सांगता येत नाही’ हा पर्याय ठेवाच. आधी पाच-सहा घरांत प्रश्न चालवून बघा.

रेशन दुकानदार किंवा अंगणवाडी सेविकेला विचारायला पाठवू नका. आधार किंवा कार्डाचा नंबर मागितलात की नाव कापायला आलेत असं वाटतं आणि माणूस मिटतो. म्हातारी पडवीत एकटी असताना बोलते. मुलगा येऊन उभा राहिला की ‘तो सांगेल’ म्हणते. तेव्हा पाणी मागा, थांबा, तिलाच पुन्हा विचारा. तिचे शब्द तसेच्या तसे उतरवा.

भातकापणीनंतर, डिसेंबरात विचारलं की २६ जानेवारीच्या ग्रामसभेला कागद तयार होतो. त्यात लाभ घेणाऱ्यांची आणि न घेणाऱ्यांची मतं वेगळी मांडा. वाडीत बाराच घरं असतील तर ७५ टक्के लिहू नका, ‘१२ पैकी ९’ लिहा.