दोन कॅमकॉर्डर आणि एकच शालू

दादरच्या एका हॉलमधे माझं पहिलं दोन कॅमेऱ्यांचं लग्न. एक माझा कार्डवर रेकॉर्ड करणारा एव्हीसीएचडी, दुसरा मित्राचा टेपवाला एचडीव्ही, आणि आम्ही काय केलं तर दोन्ही ऑटोवर टाकले आणि निवांत चहा प्यायला गेलो. रात्री एडिटला बसले तर मंगलाष्टकं चालू आहेत, लाँग शॉटमधे नवरीचा शालू छान हिरवागार आणि क्लोजअपला कट केला की तोच शालू करडा, वर चेहरा गुलाबी. नवरीच्या आईने बघून विचारलं, "अगं, हिने मधेच साडी बदलली का?"

झालं असं की ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा आपणहून रंग जुळवतो ते, फ्रेममधे काय भरलंय त्यावरून अंदाज बांधतो. झूम करून शालूनेच फ्रेम भरली की त्याला वाटतं उजेडच हिरवा आहे, मग तो मॅजेंटा ढकलत बसतो. लाँगवाल्याला अख्खं स्टेज दिसतंय, तो जागचा हलत नाही.

आता हॉलवर पोचले की आधी बॅगेतून पांढरा कागद काढते. एकच कागद, त्यावरच दोन्ही कॅमेऱ्यांचा व्हाइट बॅलन्स हाताने सेट करायचा, आणि नवरानवरी उभे राहणार तिथेच धरायचा, दाराजवळच्या उन्हात नाही. आपला लाइट लावायचा असेल तर तो लावूनच, नाहीतर सगळं परत. मग एक्स्पोजर (उजेड किती घ्यायचा ते), झेब्रा म्हणजे जास्त उजळ भागावर स्क्रीनवर दिसणारे पट्टे, तो १०० वर ठेवून त्याच कागदावरचे पट्टे जेमतेम जातील इतकं दोन्हीकडे उतरवायचं आणि लॉक. गेन, म्हणजे अंधारात कॅमेरा चित्र ओढूनताणून उजळवतो ते, पण लॉक करा, नाहीतर समया लावायला दिवे कमी केले की एक कॅमेरा गपचूप गेन चढवतो आणि काळ्या कोटांवर मुंग्या नाचतात.

कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर रंग जुळवू नका हो, मी तेच करून एकदा सरळ असलेला कॅमेरा वाकडा करून ठेवला. दोन स्क्रीनच मुळात वेगळ्या असतात. आदल्या दिवशी घरच्या टीव्हीला एचडीएमआयने आलटून पालटून दोन्ही लावा, समोर घरातलं कोणीतरी बसवा (माझा भाऊ कंटाळतो, पण बसतो) आणि भुवया, केस बघा. ज्याचा शार्पनेस जास्त त्याच्यात केसांभोवती पांढरी कड दिसते. तो कॅमेरा मेनूतून एक पायरी खाली आणायचा. चांगल्याला मवाळ करता येतं, मवाळ फुटेजमधे नसलेलं डिटेल एडिटमधे कुठून आणणार?

कोणाच्या मामाने अमेरिकेतून आणलेला कॅमेरा असेल तर आधी विचारा ६०आय आहे का, म्हणजे सेकंदाला ६० अर्ध्या फ्रेम घेणारा (आपल्याकडचे ५०आय, म्हणजे ५०). आपली वीज ५० हर्ट्झ, ट्यूबलाइट धडधडताना दिसतात. शटर १/१०० केलं की ते थांबतं, पण ५०आयच्या टाइमलाइनवर तो झटके देतोच, म्हणून मी सरळ दुसरा भाड्याने घेते.

एडिटमधे आधी ब्राइटनेस, मग रंग, सॅच्युरेशन शेवटी. एवढं करूनही हे ८ बिटचं फुटेज, त्यात रंगांच्या छटा मोजक्याच, फार ताणलं की हळदीचा पिवळा सगळ्यात आधी फाटतो. त्या पहिल्या लग्नाचा करडा शालू मी ३ रात्री ओढत होते, शेवटी मंगलाष्टकं सगळी लाँगवरच ठेवली.