आधी हाक, मग दार: कोकणात राहायला आलेल्या स्वॉटवाल्यांसाठी

दिवाळीपासून आमच्या वाडीच्या आसपास तीन नवी बिऱ्हाडं आली. दोन पुण्याची, एक ठाण्याचं. तिघांच्याही टेम्पोतून गादी-कपाटाच्या आधी काय उतरलं, तर काचेच्या बाजूचा, आत लाल-निळे दिवे लागणारा काँप्युटर. तिघांनीही पहिल्या महिन्यात मला तेच विचारलं: नेट कुणाचं घ्यायचं, लाईट किती जाते, आणि इथे कोणी स्वॉट, म्हणजे तो पोलिसांच्या खास पथकाचा काँप्युटरवरचा खेळ, खेळतं का? खेळतं. आम्ही सहाजण आहोत, त्यातले चार याच वाडीतले पोरगे. मी मूळचा सोलापूरचा, वेंगुर्ल्याकडे येऊन नऊ वर्षं झाली. प्रत्येकाला वेगळं सांगून घसा बसला म्हणून हे एकदाच लिहून ठेवतोय.

पहिली गोष्ट: प्लग काढा. दुसरी गोष्ट: प्लग काढा. बटण बंद करणं म्हणजे प्लग काढणं नव्हे.

माझं दुसरं वर्ष. मे महिना, दुपारचे साडेतीन. घाटाकडून ढग चढून आले, वारा सुटला, पहिला शिडकावा पडला. सोलापूरच्या माणसाला मे महिन्यात पाऊस म्हणजे लग्नाचं आमंत्रण. मी काँप्युटर रीतसर बंद केला, बोर्डावरचं बटणही बंद केलं आणि चहा घेऊन पडवीत मातीचा वास घेत बसलो. पाणंदीपलीकडच्या काकी तेवढ्या वेळात घरभर फिरून टीव्हीची, फ्रिजची, डिशची वायर उपटत होत्या. तिथूनच ओरडल्या, "वायर काढलस काय रे?" मी म्हटलं, "बंद केलंय काकी." त्या म्हणाल्या, "बंद केलस ता कळला. काढलस काय ता इचारतंय." मी हसलो. पाच मिनिटांनी विहिरीजवळच्या माडावर वीज पडली. माडाचा शेंडा काडीसारखा पेटला, आणि आतल्या खोलीतून 'टक' असा बारीकसा आवाज आला. नेटची वायर या माडावरून त्या माडावर करतच घरात येते, ती मी काढली नव्हती. कुडाळच्या दुरुस्तीवाल्याने पेटी उघडून दाखवली, तर नेटची पिन जिथे बसते त्याच्या बाजूला तिळाएवढा काळा डाग. बाकी सगळं नव्यासारखं चकचकीत. त्या तिळाचे एक्केचाळीस हजार झाले. मदरबोर्ड, पॉवर सप्लाय आणि राऊटर.

तेव्हा मुख्य प्लग आणि नेटची वायर, दोन्ही. वळवाच्या दिवसांत आणि पुन्हा परतीच्या पावसात तर कडकडाट ऐकू यायची वाटच बघू नका. बाजूच्या घरातली म्हातारी वायर काढायला उठली की तुम्हीही उठा. हवामानाच्या ॲपपेक्षा तिचा अंदाज बरोबर निघतो.

अर्थिंग तपासून घ्या. घर कातळावर असेल तर उन्हाळ्यात जमीन हाडासारखी कोरडी पडते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. खड्ड्यात कोळसा-मीठ भरून घ्यायचं आणि उन्हाळ्यात त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायचं.

खारं वारं. काँप्युटर पश्चिमेच्या खिडकीखाली ठेवू नका, वर्षात स्क्रू गंजून जाम होतात. श्रावणात खेळायला वेळ नसला तरी रोज तासभर चालू ठेवा, त्याच्याच उबेने आतला ओलावा जातो. वर प्लास्टिक गुंडाळून ठेवणाऱ्याच्या नशिबी बुरशी. आणि त्या काचेच्या पेटीला मागून जाळी लावा. आतल्या उबेला पाल येऊन बसते, मग पंखा सुरू झाला की जे होतं ते जेवणाआधी सांगण्यासारखं नाही.

आता खेळाकडे. आम्ही खेळतो तो स्वॉट ४. इरॅशनल गेम्सने २००५ मध्ये काढलेला. वीस वर्षं जुना म्हणून नाक मुरडू नका. तो माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतो, त्याला नेट लागत नाही, आणि एका नेटवर्क स्विचला, म्हणजे काँप्युटर एकमेकांना जोडायच्या पेटीला, वायरी जोडल्या की ओटीवर पाचजण एकत्र खेळतात. तुम्हाला रेडी ऑर नॉट हा याच धाटणीचा नवा खेळ हवा असतो, माहिती आहे. २०२३ च्या डिसेंबरात तो पूर्ण स्वरूपात आला, दिसायला झकास आहे, आणि त्यातलं बरंचसं ज्ञान याच जुन्या खेळातून आलेलं आहे. आषाढात त्याचं डाऊनलोड लावा आणि गणपतीपर्यंत वाट बघा.

नव्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला: "सगळ्यांना उडवलं, तरी गुण का नाही मिळाले?" पुण्याच्या एका बिऱ्हाडातल्या दादांनी पहिल्या मोहिमेतल्या हॉटेलात सहा मिनिटांत सगळे गुन्हेगार आडवे केले आणि विजयी चेहऱ्याने माझ्याकडे बघितलं. पडद्यावर मात्र वजाबाकीची यादी. अहो, तुम्ही पोलीस आहात. हातात बंदूक असलेला माणूस पळत सुटला म्हणून त्याला मागून गोळी घातली, तर ते विनापरवाना बळ. त्याने नळी तुमच्यावर किंवा एखाद्या सामान्य माणसावर रोखली तरच गोळी. माणूस जिवंत पकडलात तर गुण जास्त. नॉर्मल पातळीवर शंभरपैकी पन्नास मिळाले की पुढची मोहीम उघडते, कठीणला पंचाहत्तर लागतात, आणि सगळ्यात वरच्या एलिटला पंच्याण्णव. एलिटवर दोन चुका झाल्या की घरी जायचं. मधे सेव्ह करायची सोय नाही, त्यामुळे लाईट गेली तरी पुन्हा पहिल्यापासून. इन्व्हर्टर त्यासाठी.

म्हणून हाक मारायची. खेळात त्याला एक कळ दिलेली आहे, समोर माणूस दिसला की ती दाबायची: "पोलीस! हत्यार टाका!" एकदा नाही, पुन्हा पुन्हा. काहीजण लगेच हात वर करतात, काही डोळ्यांत मिरपूड गेल्यावर, काही टेझरचा, म्हणजे विजेच्या बंदुकीचा, झटका बसल्यावर. बीनबॅगची, म्हणजे गोळीऐवजी छर्‍यांची पिशवी झाडणारी, बंदूक फार जवळून मारू नका, माणूस त्यानेही मरतो.

हे हाक मारणं पोरांना शिकवावं लागलं नाही, नव्या बिऱ्हाडांना शिकवावं लागतं. कारण इथे कुणाच्या घरी जायचं तर खळ्यात, म्हणजे अंगणात, उभं राहून "कोण आसा काय घरात?" असं विचारायचं आणि थांबायचं. आतून "कोण ता?" आलं की नाव सांगायचं, "येवा" म्हटलं की पायरी चढायची. पुण्याचेच ते दादा मात्र पहिल्या आठवड्यात बेल सापडेना म्हणून शेजाऱ्यांच्या घराला वळसा घालून थेट मागीलदारी पोचले. तिथे न्हाणीजवळ काकी चूल पेटवत होत्या, आणि त्यांचा कुत्रा मोकळा होता. दादांच्या पोटरीला चार टाके. वाडीत ती गोष्ट अजून रंगवून सांगतात, आणि दरवेळी कुत्रा थोडा मोठा होतो.

दारं. नव्या माणसाचे नव्वद टक्के मरण दारात असते. तुम्ही दार उघडता, चौकटीत उभे राहता आणि आत बघता. आत बसलेल्यांना तुम्ही फोटोफ्रेमसारखे दिसता. आजी सांगायची ना, उंबरठ्यावर उभं राहू नये? ते इथे अक्षरशः लागू. आमच्या घराचंच बघा: खळं, पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी. जुन्या घरात ही दारं एका रेषेत असतात, पुढून उभं राहिलं की थेट मागची विहीर दिसते. वाऱ्याला छान, पोलिसाला वाईट. असं घर खेळात आलं तर पहिल्या दारातल्या माणसाला शेवटच्या खोलीतूनही गोळी लागते. एका बाजूने भिंतीला चिकटून, थोडं थोडं सरकत, खोलीचा एकेक तुकडा उघडा करत जायचं.

त्याच्याही आधी फटीतून बघा. ऑप्टिवाँड म्हणजे नळीच्या टोकाला लावलेला कॅमेरा, तो दाराखालून सरकवायचा. किती माणसं, कुणाच्या हातात काय, कोण कुठल्या कोपऱ्यात, सगळं दिसतं. दहा सेकंद जातात, जाऊ देत. आणि पाचर. एक बाजू तपासायची असेल तर दुसऱ्या बाजूच्या दाराला पाचर ठोका, म्हणजे पाठीमागून कोणी येणार नाही. जुन्या घरांत आडणा असतो त्याचाच हा भाऊ. नवे खेळाडू पाचरीऐवजी जास्तीचे फ्लॅशबँग, म्हणजे डोळे-कान बधिर करणारे बाँब, भरून नेतात आणि पाठीत गोळी खातात. मला तर वाटतं या खेळातलं सगळ्यात कामाचं हत्यार पाचर आहे, बंदूक नाही.

यूट्यूबवर मोहीम पाहून पाठ करून येऊ नका. नकाशा तोच असतो, माणसं दरवेळी वेगळ्या जागी असतात.

"माझी टीम ऐकत नाही" ही पुढची तक्रार. एकटे खेळताना तुमच्या हाताखाली चारजण असतात, दोन लाल, दोन निळे. तुम्ही त्यांना सांगता, दार फोडा, बँग टाका, आत जा. ते दारापाशी घुटमळतात. का? कारण तुम्ही स्वतः दारात उभे आहात. बाजूला व्हा. लाल टीमला एका दाराशी, निळ्या टीमला दुसऱ्या दाराशी लावून दोन्हीकडून एकदम आत सोडता आलं की खेळ कळला समजा.

मग हातकड्या. सगळ्यांना. शरण आलेल्या गुन्हेगाराला, ओलीस ठेवलेल्याला, रडणाऱ्या म्हातारीलाही. ठाण्याच्या ताईंना हे पटत नाही, त्या म्हणतात बिचारीला कशाला बांधायचं. बांधायचं. मोकळा सोडलेला माणूस गोळीबारात मधे धावतो, आणि शरण आलेला गुन्हेगार तुम्ही पाठ फिरवली की टाकलेली बंदूक परत उचलतो. जमिनीवरची हत्यारंही उचला, तो पुरावा आहे. आणि प्रत्येक माणसाची खबर कंट्रोलला द्या. बांधलेला, जखमी, मेलेला, प्रत्येकाची. पोरांनी याला स्वतःचं रूप दिलंय. देवळात गाऱ्हाणं घालताना प्रत्येक वाक्याला सगळे "होय म्हाराजा" म्हणतात ना, तसं एकाने खबर दिली की बाकीचे चारजण ओरडतात, "होय म्हाराजा!" म्हाराजा ऐकू आला नाही म्हणजे कुणाची तरी खबर राहिली. एलिटवर पंच्याण्णव पार करायला आम्हाला याच गजराने मदत केली.

फेअरफॅक्सचं घर ही दुसरी मोहीम. गुन्हेगार एकच, सोबत त्याची आई. तिथे घाई नको, एवढंच सांगतो. आमच्यातला एक पोरगा दशावतार बघून रात्री तीन वाजता स्मशानाच्या वाटेने एकटा घरी येतो, पण त्या घराच्या तळघरात पहिल्यांदा उतरायला तयार नव्हता. "आमच्याकडे घराक तळघरच नसता, माका काय ठाव खाली काय आसता," हे त्याचं कारण.

हेडफोन घ्या. माझ्या पहिल्या पावसाळ्यात मी स्पीकर लावून, खिडकी उघडी ठेवून रात्री बारापर्यंत खेळायचो. काचा फुटतायत, बाई किंचाळतेय, कोणीतरी इंग्रजीत दरडावतंय. आठवड्याने पोलीस पाटील खळ्यात येऊन उभे. घरात मी एकटाच राहतो हे त्यांना माहीत होतं, म्हणून तर ते जास्तच काळजीत होते. त्यांना आत बोलावून खेळ दाखवला. पाऊण तास बघत बसले, आणि निघताना म्हणाले, एवढे सगळे पोलीस एका घराला कशाला?

नेट कुणाचं घ्यायचं ते शेजाऱ्याला विचारा, त्याच्याकडे चालतं तेच घ्या. गणपतीत चाकरमानी आले की ते कुणाचंच चालत नाही. त्या दिवसांत खेळ बंद ठेवा आणि आरती-भजनाला जा. झांजा वाजवता येत नसल्या तरी चालतं.

नव्या बिऱ्हाडांबद्दल एक बोलून घेतो, राग येणार असेल तर येऊ दे. तुम्ही आल्या आल्या जागेला चिऱ्याचं कुंपण घालता, त्यात वाडीची जुनी पायवाट बंद होते. मग म्हणता, इथले लोक बोलत नाहीत. तुमच्या तिघांचा वेगळा ग्रुप आहे, त्यात प्लंबर येत नाही, कोंबडा पहाटे आरवतो, असल्या तक्रारी चालतात. प्लंबर येत नाही कारण भातलावणी चालू आहे, तो चिखलात आहे. इथल्या माणसाला घाई दाखवलीत की तो आणखी सावकाश होतो, मी पैज लावतो. आणि खेळायलाही आपापसात बसू नका. तुमच्या यंत्रांची किंमत लाखात, पण वाडीतली ती चार पोरं तुमच्याहून कितीतरी चांगली खेळतात. थांबायला कुणी शिकवावं लागत नाही त्यांना. गरीला मासा लागेपर्यंत तास तास बसणारी पोरं ती.

आम्ही शनिवारी रात्री साडेआठला माझ्या ओटीवर बसतो. मूळ खेळात एका वेळी पाचचजण, सहावा चहा करतो आणि पुढच्या फेरीला आत येतो. २००६ च्या वाढीव भागात दहाजणांपर्यंत खेळता येतं, पण एवढे काँप्युटर लावले की फ्यूज उडतो, तेव्हा लॅपटॉप असेल तर तो आणा. वायर आपापली. खळ्यातून हाक मारा, मोत्या रात्री मोकळा असतो. आणि या शनिवारी ढग आहेत, काकी सकाळपासून वर बघतायत. घरून निघताना दोन्ही वायरी काढून या.